हाडाची परांची

मोडलेले हाड पुन्हा जुळते, हे आपण सारे जाणतो. पण हाडाचा तुकडाच नाहीसा झाला तर? ती पोकळी कशाने भरावी? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या डॉक्टरांच्या आणि शास्त्रज्ञांच्या कामाची ओळख या पाठात करून दिली आहे.

धुळे शहर दोन मोठ्या रस्त्यांच्या चौफुलीवर वसलेले आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग येथून जातो. सुरतेहून नागपूरकडे जाणारा महामार्गही येथूनच जातो. हा दुसरा रस्ता पुढे पारोळा आणि एरंडोलवरून जळगाव व भुसावळला पोहोचतो. या रस्त्यांवर रात्रंदिवस वाहने धावत असतात. कधी एखादी मोटारसायकल मालमोटारीवर आदळते. चालवणाऱ्याचा जीव वाचतो, पण पायाच्या हाडाचा चुरा होतो. डॉक्टर जखम साफ करतात, तेव्हा हाडाचे मेलेले आणि मातीने भरलेले तुकडे त्यांना काढून टाकावे लागतात. मग हाडाच्या दोन टोकांमध्ये रिकामी जागा उरते.

हाड केवळ अपघातानेच जाते असे नाही. हाडात पू झाला किंवा गाठ झाली, तरी हाडाचा काही भाग काढावा लागतो. खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आदिवासी लोकांत सिकलसेल नावाचा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे कधी कधी खुब्याच्या हाडाला रक्त मिळत नाही आणि हाडाचा तेवढा भाग मरतो. रोगी तरुण असतो, पण त्याला चालणे कठीण होते.

मोडलेले हाड आणि हरवलेले हाड यांत मोठा फरक आहे. मोडलेल्या हाडाची टोके जवळ आणून बांधली, की शरीर पुढचे काम स्वतः करते. हरवलेल्या हाडाचे तसे नाही. फट लहान असेल, तर शरीर ती भरून काढते. फट मोठी असेल, तर मात्र हाड दोन्ही टोकांना थांबते. नदीचे पात्र फार रुंद असले, की साकव घालता येत नाही, तसेच हे आहे.

हाड जिवंत आहे

पुष्कळांना वाटते, की हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू. हा समज चुकीचा आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात आणि त्यांतील प्रत्येक हाड जिवंत असते. हाडात रक्त वाहते. हाडात पेशी असतात. काही पेशी जुने हाड कुरतडून काढतात आणि काही पेशी तेथे नवे हाड बांधतात. मोडतोड आणि बांधकाम ही दोन्ही कामे जन्मभर सुरू असतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी नवा होतो.

हाड मोडले, की प्रथम तेथे रक्ताची गुठळी होते. मग त्या जागी मऊ ऊती तयार होते. नंतर तिच्यात खनिज साठू लागते आणि ती टणक होते. शेवटी पेशी त्या ओबडधोबड गाठीला घासूनपुसून मूळच्या हाडाचा आकार देतात. कातडीवरच्या जखमेचा व्रण राहतो. हाड मात्र पुन्हा हाडच बनते. हा हाडाचा मोठा गुण आहे आणि शास्त्रज्ञांची सारी आशा याच गुणावर उभी आहे.

जुने उपाय

मोडलेली हाडे बसवण्याची विद्या फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत. हाड हलू नये म्हणून मोह, उंबर, पिंपळ अशा झाडांच्या साली आणि बांबूच्या कामट्या बांधाव्यात, असेही त्यात सांगितले आहे. दहाव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळ अबुल कासिम अल-जहरावी नावाचे थोर शल्यचिकित्सक होऊन गेले. त्यांच्या ‘अत-तसरीफ’ या ग्रंथाचे तीस भाग आहेत. शेवटच्या भागात शस्त्रक्रियेची माहिती असून हत्यारांची चित्रेही आहेत. पडलेल्या दाताच्या जागी गुराच्या हाडापासून कोरलेला दात बसवता येतो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. एका जीवाचे हाड दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकेल, हा विचार इतका जुना आहे.

आज डॉक्टर हरवलेल्या हाडाच्या जागी बहुधा रोग्याचेच दुसरे हाड वापरतात. कमरेच्या हाडाच्या कडेचा थोडा भाग काढून तो फटीत भरतात. हे हाड आपलेच असल्यामुळे शरीर ते आनंदाने स्वीकारते. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. ती जखम पुष्कळ दिवस दुखते. शिवाय कमरेतून हाड काढायचे तरी किती? लहान मुलाच्या कमरेतून तर फारच थोडे मिळते.

दुसरा मार्ग दानाचा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली ऊतीपेढी सुरू झाली. रक्तपेढीत जसे रक्त साठवतात, तसे ऊतीपेढीत दान मिळालेले हाड साठवतात. त्यातील पाणी काढून टाकतात आणि गॅमा किरणांनी ते जंतुरहित करतात. या कामी तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विद्येचा उपयोग झाला. ही मोठी सोय आहे. परंतु दाते थोडे असतात आणि गरजू रोगी पुष्कळ असतात.

तिसरा मार्ग धातूचा. पोलादाची किंवा टायटॅनियमची सळई हाडाला आधार देते. पण धातू धातूच राहतो. तो वाढत नाही आणि त्याचे हाडही बनत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी विचार केला, की हाडासारखा पदार्थ प्रयोगशाळेत तयार करता येईल का? त्यासाठी आधी एका प्रश्नाचे उत्तर हवे होते. हाड नेमके कशाचे बनलेले असते?

दोन सोपे प्रयोग

याचे उत्तर तुम्हीही शोधू शकता. कोंबडीच्या तंगडीचे एक हाड स्वच्छ धुऊन घ्या. ते काचेच्या बरणीत शिरक्यात बुडवून ठेवा. शिरका म्हणजे तुम्ही घरी ज्याला सिरका म्हणता तो. दोन दिवसांनी जुना शिरका ओतून नवा घाला. चार-पाच दिवसांनी हाड बाहेर काढून वाकवून पाहा. ते रबरासारखे वाकते! आकार तोच आहे, पण ताठपणा गेला आहे. शिरक्यातल्या आम्लाने हाडातले खनिज विरघळवून टाकले. मागे राहिले ते कोलॅजन नावाचे प्रथिन. त्याचे धागे चिवट असतात.

दुसरा प्रयोग शिक्षकांनीच करून दाखवावा. एक हाड लालभडक निखाऱ्यात बराच वेळ ठेवावे. ते पांढरे पडते. थंड झाल्यावर दाबले, की त्याचा भुगा होतो. येथे उलट घडले. कोलॅजन जळून गेले आणि नुसते खनिज उरले.

या खनिजाचे नाव हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट. कॅल्शियम आणि फॉस्फरस हे त्यातील मुख्य घटक आहेत. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग या खनिजाचा असतो. बाकीचा भाग मुख्यतः कोलॅजन व पाणी यांचा असतो. खनिजामुळे हाडाला कठीणपणा येतो आणि कोलॅजनमुळे चिवटपणा येतो. एकटे खनिज ठिसूळ, एकटे कोलॅजन लुळे. दोघे एकत्र आले, की माणूस धावू शकतो.

खानदेशातील जुन्या घरांच्या भिंती तुम्ही पाहिल्या असतील. नुसत्या मातीची भिंत वाळली, की तिला तडे जातात. म्हणून मातीत भुसा मिसळून ती तुडवत असत. भुशाच्या काड्या मातीला धरून ठेवतात. आजच्या इमारतीत सिमेंट आणि लोखंडी सळ्या हेच काम करतात. दोन वेगळ्या गुणांचे पदार्थ एकत्र करून बनवलेल्या अशा पदार्थाला संमिश्र पदार्थ म्हणतात. हाड हा निसर्गाने तयार केलेला संमिश्र पदार्थ आहे.

नक्कल करण्याचा प्रयत्न

प्रथम शास्त्रज्ञांनी नुसत्या खनिजाचा उपयोग करून पाहिला. १८९२ साली जर्मनीतील ड्रेसमान या डॉक्टरांनी हाडातील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या. पुढे अमेरिकेत एक निराळी गोष्ट घडली. १९६७ साली लॅरी हेंच नावाचे शास्त्रज्ञ बसने एका परिषदेला चालले होते. शेजारी व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला एक लष्करी अधिकारी बसला होता. त्याने विचारले, “माणसाचे शरीर ज्याला परका मानणार नाही, असा पदार्थ तुम्ही बनवू शकाल का?” युद्धात हातपाय गमावलेले तरुण त्याने पाहिले होते. हेंच यांनी तो प्रश्न मनावर घेतला. त्यांनी कॅल्शियम आणि फॉस्फरस असलेली एक खास काच तयार केली. १९६९ साली ती उंदरांच्या हाडात बसवून पाहिली. काही आठवड्यांनी ती ओढून काढता येईना. हाड आणि काच एकमेकांना चिकटून गेली होती! त्या काचेच्या पृष्ठभागावर हाडातल्यासारखेच खनिज तयार झाले होते. तिला जैवकाच म्हणतात.

शरीराला मानवणाऱ्या अशा पदार्थाला जैवसुसंगत पदार्थ म्हणतात. तो विषारी नसतो, त्याच्यामुळे सूज वाढत नाही आणि शरीर त्याला बाहेर फेकून देत नाही.

पण नुसत्या खनिजाचा दोष तुम्ही निखाऱ्याच्या प्रयोगात पाहिलाच आहे. ते ठिसूळ असते. म्हणून शास्त्रज्ञांनी निसर्गाचाच मार्ग धरला. खनिजाला चिवट धाग्यांची जोड दिली. हे धागे प्राण्यांपासून किंवा वनस्पतींपासून मिळतात. त्यांचे रेणू साखळीसारखे लांब असतात. अशा पदार्थांना जैवबहुवारिके म्हणतात. कोलॅजन, जिलेटिन, रेशमातील प्रथिन, कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान आणि समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट ही त्यांची उदाहरणे आहेत.

परांची कशासाठी?

घर बांधताना गवंडी बांबूंची परांची बांधतात. तिच्यावर उभे राहून ते भिंत रचतात. भिंत पुरी झाली, की परांची सोडून नेतात. परांची म्हणजे घर नव्हे. पण परांचीवाचून उंच घर उभे राहत नाही.

खनिज आणि जैवबहुवारिक यांच्या संमिश्र पदार्थाचे कामही असेच आहे. हाडाच्या फटीत तो बसवला, की हाडाच्या पेशी त्यावर चढतात, तेथे राहतात आणि नवे हाड बांधू लागतात. जसजसे हाड वाढते, तसतसा तो पदार्थ हळूहळू विरघळतो. शेवटी परांची उरत नाही. उरते ते रोग्याचे स्वतःचे हाड. या विद्येला ऊती अभियांत्रिकी असे म्हणतात.

ही परांची भरीव असून चालत नाही. तिच्यात छिद्रे हवीत आणि ती एकमेकांना जोडलेली हवीत. त्यांतून पेशी आत शिरतात, रक्तवाहिन्या वाढतात आणि पेशींना अन्न पोहोचते. छिद्रे केसाच्या जाडीएवढी किंवा तिच्या काही पट मोठी असावी लागतात. ती करण्याची एक युक्ती मोठी गमतीची आहे. जैवबहुवारिकाच्या द्रावणात खनिजाची पूड मिसळतात आणि ते मिश्रण गोठवतात. आत बर्फाचे बारीक स्फटिक तयार होतात. मग निर्वात भांड्यात ठेवून तो बर्फ वाफेच्या रूपाने काढून घेतात. जेथे बर्फ होता, तेथे छिद्र राहते. स्पंजासारखा तुकडा तयार होतो.

विरघळण्याचा वेगही सांभाळावा लागतो. परांची फार लवकर विरघळली, तर बांधकाम अर्धवट राहते. फार दिवस टिकली, तर नव्या हाडाला जागा मिळत नाही. हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट फार सावकाश विरघळते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट नावाचे दुसरे खनिज त्याहून लवकर विरघळते. म्हणून काही वेळा दोन्ही खनिजे ठरावीक प्रमाणात मिसळतात.

टाकाऊतून टिकाऊ

या संशोधनातील एक गोष्ट आपल्या भागाशी जोडलेली आहे. नवापूर हे गाव कुक्कुटपालनासाठी प्रसिद्ध आहे. ते पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात आहे. जेथे अंडी, तेथे टरफलेही असणारच. अंड्याच्या टरफलात शंभरात नव्वदांहून अधिक भाग कॅल्शियम कार्बोनेट असते. टरफले भट्टीत खूप तापवली, की कळीचा चुना मिळतो. त्यावर फॉस्फरसयुक्त आम्लाची प्रक्रिया करून हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट तयार करता येते. अनेक देशांतील प्रयोगशाळांनी हे करून दाखवले आहे. आपण जे उकिरड्यावर फेकतो, त्यातच हाडाचे खनिज दडलेले आहे.

धाग्यांच्या बाबतीतही तसेच आहे. माशांच्या खवल्यांपासून कोलॅजन मिळते. काही रोग्यांना विशिष्ट प्राण्यापासून काढलेला पदार्थ आपल्या धर्मामुळे चालत नाही. त्यांच्यासाठी मासे, रेशीम किंवा शेवाळ हे चांगले पर्याय ठरतात. डॉक्टरांनी रोग्याला आधी सांगावे आणि रोग्यानेही मोकळेपणी विचारावे.

आपल्या देशातही या विषयावर महत्त्वाचे काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमातील फायब्रोइन या प्रथिनापासून हाडाच्या पोकळीत बसवता येईल अशी सच्छिद्र रचना तयार केली. शल्यचिकित्सक जखम शिवण्यासाठी रेशमाचा धागा फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. त्याच रेशमाला येथे नवे काम मिळाले. केरळातील तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट आणि जैवकाच यांचे संमिश्रण तयार केले आहे.

अजून काय बाकी आहे?

या यशाची मर्यादाही आपण समजून घेतली पाहिजे. दाताजवळच्या किंवा हाडातल्या लहान पोकळ्या अशा पदार्थांनी भरता येतात. पण मांडीच्या हाडावर सर्व शरीराचा भार असतो. तेथील मोठी फट भरण्याइतके बळ या पदार्थांना अजून आलेले नाही. तेथे धातूचा आधार घ्यावाच लागतो. मोठ्या तुकड्याच्या मध्यापर्यंत रक्त पोहोचवणे हीही अवघड गोष्ट आहे. शिवाय नवा पदार्थ एकदम माणसावर वापरता येत नाही. आधी प्रयोगशाळेत पेशींवर, मग प्राण्यांवर आणि त्यानंतर रोग्यांच्या संमतीने त्यांच्यावर त्याची परीक्षा होते. भारतात त्यासाठी २०१७ साली वैद्यकीय उपकरणांचे नियम करण्यात आले. या परीक्षांना बरीच वर्षे लागतात. पण रोग्याच्या जिवाशी खेळ होऊ नये, म्हणून हा वेळ द्यावाच लागतो.

मुलांनो, हे काम एकट्या डॉक्टरचे नाही. हाडाची रचना डॉक्टर सांगतात, खनिज रसायनशास्त्रज्ञ बनवतात, पेशींची वाढ जीवशास्त्रज्ञ पाहतात आणि बळ किती हे अभियंते मोजतात. ही सारी शास्त्रे शिकण्याची सोय आज खानदेशात आहे. जळगावला १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले आहे. धुळे आणि जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. उर्दू शाळेत शिकलेला मुलगा किंवा मुलगी तेथे जाऊ शकते आणि जातेही.

अल-जहरावी यांच्यासमोर जो प्रश्न होता, तोच आजच्या डॉक्टरांसमोर आहे. फक्त साधने बदलली आहेत. त्या प्रश्नाचे उरलेले उत्तर शोधायला अजून पुष्कळ हातांची गरज आहे.

शब्दार्थ

परांची – बांधकामासाठी बांधलेला बांबूंचा तात्पुरता सांगाडा
चौफुली – चार रस्ते मिळतात ती जागा
साकव – ओढ्यावरचा लहान पूल
आनुवंशिक – आईवडिलांकडून मुलांकडे येणारा
खुबा – मांडी आणि कंबर यांचा सांधा
ऊती – एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह
कामटी – बांबूची चिरलेली पट्टी
चिवट – सहज न तुटणारे
ठिसूळ – चटकन फुटणारे
लुळे – ताठ न राहणारे
निर्वात – हवा नसलेले
सच्छिद्र – छिद्रे असलेले

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोठ्या माणसाच्या शरीरात किती हाडे असतात?
(आ) मुंबईतील ऊतीपेढी कोणत्या साली सुरू झाली?
(इ) अल-जहरावी यांच्या ग्रंथाचे नाव काय?
(ई) अंड्याच्या टरफलात कोणता पदार्थ सर्वांत अधिक असतो?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शिरक्यात ठेवलेले हाड रबरासारखे का वाकते?
(आ) कमरेचे हाड काढून वापरण्यात कोणत्या अडचणी आहेत?
(इ) हाडाच्या परांचीत छिद्रे का असावी लागतात?

३. कारणे द्या.
(अ) मातीच्या भिंतीत भुसा मिसळत असत.
(आ) नवा पदार्थ एकदम माणसावर वापरत नाहीत.

४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (चिवटपणा, कठीणपणा, संमिश्र)
(अ) खनिजामुळे हाडाला ........ येतो.
(आ) कोलॅजनमुळे हाडाला ........ येतो.
(इ) हाड हा एक ........ पदार्थ आहे.

५. अनेकवचन लिहा : हाड, पेशी, भिंत, धागा, टरफल, छिद्र.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : मनावर घेणे, टाकाऊ, आधार, सावकाश.

७. उपक्रम : घरी अम्मी किंवा अब्बांना विचारून शिरक्याचा प्रयोग करा. रोज काय दिसले ते पाच-सहा ओळींत मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.